रस्ता हवा, पण उघडा चर नको

वस्तीत रस्त्याचे काम सुरू झाले की पहिले चार दिवस सगळे खूश असतात. इतकी वर्षे अर्ज केले, वॉर्ड ऑफिसचे जिने झिजवले, प्रत्येक निवडणुकीच्या आधी नारळ फुटताना पाहिला आणि एकदाचा जेसीबी गल्लीच्या तोंडाशी आला. पोरे त्याच्यामागे धावतात, म्हातारी माणसे ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसतात. दुसऱ्या आठवड्यात नळाला गढूळ पाणी येते. तिसऱ्या आठवड्यात रिक्षावाला नाक्यावरच उतरवून देतो. महिन्याभराने जेसीबी कुठे गेला हे कोणालाच सांगता येत नाही. चर मात्र तिथेच असतो. त्यावर कोणीतरी टाकलेली एक फळी असते आणि त्या फळीवरून सारी वस्ती ये-जा करत असते.

या पानावर आम्ही एरवी मधुमेह, रक्तदाब, रक्तक्षय, लसीकरण अशा विषयांवर लिहितो. रस्त्याचे काम हा आरोग्याचा विषय कसा, असे काही वाचकांना वाटेल. आम्हाला तो आरोग्याचाच विषय वाटतो. माणसे आजारी पडतात ती रस्ता खोदल्यामुळे फारशी नाही, खोदून सोडून दिल्यामुळे पडतात. आठ दिवसांत खोदून, पाइप टाकून, बुजवून, दाबून दिलेला चर त्रास देतो, पण तो सोसता येतो. तीन महिने उघडा राहिलेला चर गटार होतो, डासांची पैदास करतो, एखाद्या आजीचा खुबा मोडतो. म्हणून आपली मागणी "काम थांबवा" ही नसावी. "काम लवकर करा" एवढी मोघमही नसावी. जेवढे वेळेत बुजवता येईल तेवढेच खोदा, आणि ते बुजल्याशिवाय पुढची गल्ली उघडू नका, अशी ती नेमकी असावी.

ही मागणी करायला आपली माणसे कचरतात, त्याचे कारण आम्हाला माहीत आहे. तक्रार केली की ऐकायला मिळते, "ताई, रस्ता तुमच्यासाठीच होतोय ना? थोडं सोसा की." आणि आपण गप्प बसतो. जणू रस्ता हा कोणीतरी केलेला उपकार आहे आणि उपकारात खोट काढू नये. जास्त ताणले तर काम अर्धवट टाकून निघून जातील, अशी भीतीही असते. पलीकडच्या सोसायटीसमोर हेच काम झाले तेव्हा आठ दिवस आधी नोटीस लागली, चरावर लोखंडी पत्रे पडले, फाटकापर्यंत कठड्याची वाट केली गेली. तिथे कोणी उपकार मानले नाहीत. त्यांनी कर भरतो म्हणून सांगितले. कर आपणही भरतो. काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीत भरतो. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चांगला रस्ता मिळणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे. हक्काच्या गोष्टीला सोसण्याची अट नसते.

आता आजारांकडे वळू. आधी पाणी, कारण त्यानेच सगळ्यात जास्त घरे आडवी होतात. आपल्या वस्त्यांत पाण्याची लाईन आणि गटार शेजारी शेजारी जातात. कित्येक ठिकाणी घरगुती नळाचे पाइप गटारातूनच गेलेले असतात. जेसीबीचा दात लागला की जुना पाइप फुटतो किंवा सांध्यात ढिला होतो. नळाला पाणी असते तोवर ते फुटलेल्या जागेतून बाहेर उडते, दिसते, आरडाओरडा होतो. खरा धोका पाणी बंद झाल्यावर असतो. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास. उरलेला वेळ पाइप रिकामा असतो आणि चरात साचलेले घाण पाणी त्याच भोकातून आत शिरते. दुसऱ्या दिवशी पाणी सोडले की आधी तेच आपल्या हंड्यात येते. दाब कमी म्हणून कोणी थेट नळाला मोटर लावली असेल तर ती हे घाण पाणी आणखी जोराने ओढते, आणि त्याचा त्रास फक्त मोटरवाल्याच्या घराला होत नाही.

यात एक गोम आहे, ती प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. जुलाब-उलट्या एक-दोन दिवसांत सुरू होतात, त्यामुळे पाण्याचा संशय लगेच येतो. टायफॉइड मात्र साधारण एक ते दोन आठवड्यांनी दिसतो. 'अ' प्रकारची कावीळ दोन ते चार आठवड्यांनी आणि 'ई' प्रकारची कावीळ दोन ते दहा आठवड्यांनी डोळ्यांत उतरते. म्हणजे पाइप फुटला, जोडला, चर बुजला, वर रस्ताही झाला, आणि मग कावीळ आली. तोवर कोणाला त्या गढूळ पाण्याची आठवण राहिलेली नसते. घरचे म्हणतात बाहेरचे खाल्ले, पाणीपुरीवाल्यावर खापर फुटते, नाहीतर कोणी गळ्यात माळ घालायला घेऊन जाते. आमच्याकडे एकाच गल्लीत लागोपाठच्या घरांत कावीळ निघाली, तेव्हाही बरेच दिवस असेच चालले होते. शेजारच्या दोन-तीन घरांत एकच आजार निघाला तर तो नशिबाचा खेळ समजू नका. त्यांचा नळ एकाच पाइपवर आहे का, हे पाहा आणि आरोग्य केंद्राला कळवा. 'ई' प्रकारची कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. घरात गरोदर सून किंवा लेक असेल आणि गल्लीत चर उघडा असेल, तर तिच्यासाठी उकळलेलेच पाणी. तिथे काटकसर नको.

पाण्याचे नियम थोडक्यात सांगतो. नळ आल्यावर पहिली काही मिनिटे जाऊ द्या, ते पाणी बादलीत धरून संडासासाठी वापरा. मग स्वच्छ फडक्याने गाळून भरा. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत, म्हणून पाणी नितळ दिसले की झाले असे समजू नका. उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट रटरटू द्या आणि झाकून थंड करा. उकळणे जमत नसेल तर आरोग्य केंद्रातून क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब आणा, सांगितलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. आरोग्य कर्मचारी आले तर त्यांना नळाच्या पाण्याची 'ओटी टेस्ट' करायला सांगा. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले तर त्यात क्लोरीन आहे, रंग आलाच नाही तर नाही. ही परीक्षा आपल्या डोळ्यांसमोर एका मिनिटात होते. लेकराला जुलाब लागले तर ओआरएस सुरू करा, अंगावरचे दूध थांबवू नका, आणि डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी सांगितलेले सगळे दिवस द्या.

हे सगळे करायला पैसे लागतात, हेही बोलले पाहिजे. पाणी उकळायला गॅस लागतो, पाण्याचा जार विकत घ्यायला पैसे लागतात, डॉक्टरची फी वेगळी, बुडालेली मजुरी वेगळी. ठेकेदाराने पाइप वेळेत जोडला असता तर हा खर्च झालाच नसता. म्हणजे त्याचे वाचलेले पैसे आपल्या खिशातून जातात. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर जी माणसे पाण्यापर्यंत गेली, त्यांची आपण नातवंडे-पतवंडे. नळाला गटाराचे पाणी येत असताना "चालायचंच" म्हणणे आपल्याला शोभत नाही.

दुसरी गोष्ट बायकांची आहे आणि ती सभेत कोणी उठून सांगत नाही. वस्तीतल्या बहुतेक घरांना सार्वजनिक संडासाचाच आधार. चर नेमका त्या वाटेवर पडतो, कारण मलनिस्सारणाची लाईन तिकडेच जाते. दिवसा फळीवरून जाता येते. रात्री दिवा नसतो, फळी ओली असते, खाली सळ्या वर आलेल्या असतात. मग बायका काय करतात? संध्याकाळी चारनंतर पाणी पिणे बंद करतात. आमच्या ओळखीच्या आज्या, मावश्या, वयात आलेल्या मुली, सगळ्यांनी हेच सांगितले, तेही खालच्या आवाजात. पाणी कमी पिणे आणि लघवी तासन् तास रोखणे यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो. जळजळ, वारंवार लघवीला लागणे, ओटीपोटात दुखणे, थंडी वाजून ताप. गरोदरपणात हा संसर्ग अंगावर काढला तर तो मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो आणि दिवस भरण्याआधी कळा येण्याची भीती असते. बद्धकोष्ठता आणि मूळव्याध वाढते ती वेगळीच. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते म्हणून अनेक आज्यांनी गोळीच बंद केली. डॉक्टर विचारतात, "गोळी का सोडली?" आजी सांगत नाही. संडासाच्या वाटेवरचा चर डॉक्टरला कसा दिसणार?

म्हणून ज्या दिवशी काम सुरू होईल त्या दिवशी पहिली अट घाला. संडासाकडची वाट एका वेळी अर्धीच खोदायची, अर्धी चालायला ठेवायची. दोन्ही बाजूंना कठडा, वर दिवा. तेवढे होईपर्यंत वस्तीतल्या तरुणांनी रात्री तिथे एक बल्ब लावावा, वायर उंचावरून घ्यावी, ओल्या मातीवरून नको. आणि घरातल्या पुरुषांना सांगणे आहे, आई-बहीण रात्री उठली की टॉर्च घेऊन सोबत जा. यात कमीपणा काही नाही.

धुळीबद्दल सगळेच बोलतात, म्हणून तिच्या दोन-तीन बाजूच सांगतो. बंगल्यातला माणूस खिडकी लावून घेतो. आपल्या खोलीला दार हीच खिडकी, आणि दार उघडते ते थेट रस्त्यावर. भांडी तिथेच घासायची, कपडे तिथेच वाळत घालायचे, लेकरू तिथेच खेळते. त्यामुळे तीच धूळ आपल्या पोटात आणि छातीत जास्त जाते. मोठे कण नाकात अडकतात, बारीक कण फुप्फुसात खोल उतरतात. दमेकऱ्याने या दिवसांत पंप बंद करू नये, उलट डॉक्टरांना विचारून नेमाने घ्यावा. घरात कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. पाणी आणि शिजवलेले अन्न झाकून ठेवावे. ओला रुमाल नाकाला लावल्याने मोठी धूळ अडते, बारीक नाही. काँक्रीट कापण्याचे काम सुरू असेल तेवढा वेळ लेकरांना आणि छातीच्या रुग्णांना दुसऱ्या गल्लीत न्यावे हे उत्तम.

पण धुळीपेक्षा आम्हाला एका वाक्याची जास्त काळजी वाटते. ते वाक्य म्हणजे "धुळीचा खोकला आहे, जाईल." रस्त्याचे काम सुरू असले की प्रत्येक खोकला धुळीच्या नावावर जातो. क्षयरोग अशाच वेळी लपून राहतो. दाटीवाटीच्या खोल्या, अपुरे खाणे, अंधार, हे सगळे आपल्या वस्तीत आहेच. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, भूक गेली असेल, तर समोर जेसीबी उभा असो वा नसो, थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट आहे. उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात मिळतात. आधी ही रक्कम ५०० होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती दुप्पट झाली. धूळ बसल्यावर दवाखान्यात जाऊ, असे म्हणता म्हणता घरातल्या लेकरांना लागण होते.

डासांचे थोडक्यात. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. म्हणजे चरात, पिंपात, ठेकेदाराने ठेवलेल्या उघड्या टाकीत पाणी आठवडाभर साचू दिले नाही तर डास होत नाहीत. आठवड्यातून एक वार ठरवा, त्या दिवशी सगळे पाणी उपसा, भांडी घासून कोरडी करा. उपसता न येणाऱ्या चरात औषध टाकायला आरोग्य खात्याला लेखी कळवा.

पायांकडे मात्र जरा जास्त लक्ष द्या. मधुमेहाच्या रुग्णाला तळपायाची जाणीव कमी झालेली असते. खडीचा तुकडा चपलेत शिरला, खिळा टोचला, तरी त्याला कळत नाही आणि कळते तेव्हा जखम चिघळलेली असते. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघा. सळई लागली तर धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नका. आणि पावसाळ्यात त्या चरातल्या पाण्यातून चालावे लागले, पायाला जखम असली, तर ताप येण्याची वाट न बघता दवाखान्यात जाऊन सांगा. उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोची प्रतिबंधक गोळी डॉक्टर देऊ शकतात, पण ती वेळेत घ्यावी लागते.

आता एक असा मुद्दा जो आमच्या मासिकाने नाही मांडायचा तर कोणी. रस्त्याच्या कामात माती, खडी, सिमेंटचे पाणी गटारात आणि मलवाहिनीच्या चेंबरमध्ये जाते. मग चेंबर तुंबतो आणि मैला गल्लीत पसरतो. सगळे वैतागतात, मुकादम फोन लावतो, आणि दोन तासांनी एक तरुण येतो, शर्ट काढतो. तो कोणाच्या वस्तीतून आलेला असतो हे सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये किमान ३० लाख रुपये भरपाई ठरवली. तरी माणसे उतरवली जातात, कारण वर उभ्या असलेल्या आपल्यालाही घाई असते. मैला दारात आला की आपणही म्हणतो, "करा बाबा काहीही, पण मोकळं करा." ते "काहीही" म्हणजे त्या पोराचा जीव. चेंबरमधला वायू डोळ्याला दिसत नाही, पहिल्या दोन श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही कोसळतो. अशा वेळी वस्तीने ठाम राहावे. यंत्राची गाडी येऊ दे, एक रात्र वास सोसू, पण आमच्या दारात माणूस चेंबरमध्ये उतरणार नाही. आम्ही वर म्हटले की हक्काच्या गोष्टीला सोसण्याची अट नसते. सोसायचेच असेल तर ही एक रात्र सोसण्यासारखी आहे.

चर खोदणारे मजूरही परके नाहीत. कोणी मराठवाड्यातून आलेला, कोणी ओडिशातून, कोणी आपल्याच नाक्यावर सकाळी उभा राहिलेला. आपण धुळीत दोन तास असतो, तो दहा तास असतो. सुके काँक्रीट कापताना जी पांढरी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. कटरला पाण्याची नळी जोडली तर ही धूळ जागेवर बसते. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण नियमांत बदल करून बांधकामाच्या धुळीबाबत अटी घातल्या. माती-वाळू उघडी टाकायची नाही, वाहतूक झाकून करायची, पाणी मारायचे, उघड्यावर सुके कापकाम करायचे नाही. तेव्हा ठेकेदाराशी भांडताना मजुराशी भांडू नका, तो फक्त हुकमाचा धनी. त्याला प्यायला पाणी द्या, आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केले असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होते हेही सांगा. आपल्याच वस्तीत अशी नोंदणी न झालेली कितीतरी माणसे आहेत.

सिमेंटचा रस्ता येणार असेल तर एका गोष्टीवर आधीच अडून बसा. ती म्हणजे उंची. मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये जवळपास ४०० किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करण्याच्या कामाचे भूमिपूजन झाले. इतर शहरांतही सिमेंटचे रस्ते वाढत आहेत. काँक्रीटला आमचा विरोध नाही, खड्डे कमी पडतात. पण जुना थर पुरेसा न खरवडता वर काँक्रीट ओतले की रस्ता उंबऱ्याच्या वर जातो. पहिल्याच पावसात रस्त्यावरचे पाणी आणि गटाराचे पाणी दोन्ही घरात येतात. धान्य भिजते, भिंतींना ओल धरते, बुरशी येते, लेकरांचा दमा वाढतो. आणि मग दर दोन वर्षांनी माणसे कर्ज काढून घराची जमीन उचलतात, छप्पर तेवढेच राहते, म्हणून घर बुटके होत जाते. काँक्रीट एकदा घट्ट झाले की तोडायला कोणी येत नाही. म्हणून ओतण्याच्या आधी इंजिनिअरसाहेबांना गल्लीत बोलवा, रस्त्याची ठरलेली पातळी भिंतीवर खडूने रेघ मारून दाखवायला सांगा, रेघेचा आणि उंबऱ्याचा एकत्र फोटो काढा. पाण्याच्या, गटाराच्या, केबलच्या लाईन आत्ताच टाकून घ्या म्हणावे. नाहीतर सहा महिन्यांनी दुसरे खाते येऊन तोच रस्ता पुन्हा फोडते.

गाडी आत येऊ शकत नसेल तर त्याची तजवीज आजारपणाच्या रात्री करता येत नाही, आधीच करावी लागते. १०८ ची रुग्णवाहिका नाक्यावर कुठे थांबेल ती जागा ठरवा. गरोदर बाईसाठी १०२ चा नंबर घरात लिहून लावा. कोणाच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे, कोणाचे दिवस भरत आले आहेत, कोणाला अर्धांगवायू झाला आहे, याची यादी विहारात ठेवा. हातांची मजबूत खुर्ची आणि चार जणांचे नंबर असले की नाक्यापर्यंत माणूस नीट पोचतो. छातीत दुखणाऱ्या माणसाला मात्र "चल, हळूहळू चालत जाऊ" म्हणून फळीवरून चालवत नेऊ नका.

रात्री ब्रेकर चालवण्याचा नवा प्रकार काही ठिकाणी सुरू झाला आहे. दिवसा वाहतूक अडते म्हणून रात्री करतो, असे सांगतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत राहत्या भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवायला मनाई आहे. पहाटे चारला उठून धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईची झोप ही काही फुकटची वस्तू नाही.

हे सगळे करून घेता येते का? येते, आणि त्याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर दरवर्षी असतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या आधी दोन दिवसांत मार्गावरचे सगळे चर बुजतात. महिनाभर न मिळणारा मुरूम, न येणारा रोलर, न सापडणारा ठेकेदार, सगळे हजर होते. म्हणजे सामान असते, माणसे असतात. विचारणारे एकत्र असले की काम होते. मुंबईत रस्त्यांच्या कामासाठी पावसाळ्याआधी ३१ मे ही मुदत धरली जाते. आपल्या शहरातली तारीख विचारून घ्या आणि त्याच्या महिनाभर आधीच मागे लागा. जूनमध्ये अर्ज करून पाण्याने भरलेला चर बुजत नाही.

विचारायचे कसे, तर कागदावर. कामाच्या ठिकाणी ठेकेदाराचे नाव, रक्कम, सुरुवात आणि शेवट सांगणारा फलक मागा. नसेल तर माहितीच्या अधिकारात कार्यादेशाची प्रत मागा. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहायचा असतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. याच कायद्याने नागरिकाला चालू कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही घेता येतो. कार्यादेशातली मुदत आणि दंडाची रक्कम हाती आली की इंजिनिअरसाहेबांचे बोलणे आपोआप मवाळ होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. पडझड झाली तर जागेचा फोटो त्याच दिवशी काढा आणि दवाखान्याच्या कागदावर "खड्ड्यात पडून" असे स्पष्ट लिहून घ्या. नुसते "पाय मुरगळला" लिहिलेला कागद पुढे उपयोगी पडत नाही.

आणि एक वही घाला. विहारात किंवा महिला मंडळाच्या घरी, कुठेही. नववी-दहावीतल्या एखाद्या मुलीकडे ती द्या, त्या नीट लिहितात. कोणत्या तारखेला कोणती गल्ली खोदली, पाइप कधी फुटला, कधी जोडला, गढूळ पाणी किती दिवस आले, कोणाच्या घरी जुलाब, कोणाला टायफॉइड, कोणाला कावीळ, कोण कुठे पडले. कावीळ दोन महिन्यांनी आली तरी मागची पाने उलटली की पाइप फुटल्याची तारीख सापडते. मग आरोग्य अधिकाऱ्यासमोर बोलताना आपल्याकडे फक्त तक्रार नसते. पहिली नोंद आजच करता येईल. चर कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत उघडा आहे, आणि कोणत्या तारखेपासून.